फुलपाखरांची बाग: आधी पाने, मग फुले

झेंडू, झिनिया आणि एक्झोऱ्याने सजलेल्या बागेत फुलपाखरे येतात, मध पितात आणि निघून जातात. ती तिथे वस्ती करत नाहीत, कारण त्यांच्या अळ्यांना तिथे खायला काही नसते. मादी अंडे कुठेही टाकत नाही. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी पानाची चव घेते, आपल्या अळीला चालणारे झाड असेल तरच पोट वाकवून अंडे चिकटवते, नाहीतर उडून पुढे जाते. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक कुळातली मोजकीच झाडे खातात. दुसऱ्या झाडावर ठेवली तर अळी उपाशी मरते, पण ते पान खात नाही. अळीचे अन्न असलेल्या या झाडांना खाद्यवनस्पती म्हणतात. बागेचा आराखडा त्यांच्यापासून सुरू करायचा असतो, आणि त्या पुरेशा संख्येने लावायच्या असतात. नवख्यांच्या बागा बहुतेक वेळा या ‘पुरेशा’पाशीच अडतात.

पुढची माहिती महाराष्ट्रातले अंगण, परस, सोसायटीची मोकळी जागा किंवा गच्ची डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. जातीही इथल्या वस्त्यांत सहज येणाऱ्याच निवडल्या आहेत.

लावण्याआधी बघा

रोपे आणण्याआधी दोन-तीन आठवडे रोज सकाळी ९ ते ११ या वेळात परिसर बघा. आसपास कोणती फुलपाखरे उडतात आणि कोणती झाडे आधीच आहेत, या दोनच गोष्टी वहीत टिपा. गल्लीत उभ्या अशोकाची रांग असेल तर टेल्ड जे नक्की येत असणार. हे हिरव्या ठिपक्यांचे, क्षणभरही स्थिर न बसणारे फुलपाखरू आहे. रस्त्यावर बहावा असेल तर फिकट पिवळे कॉमन एमिग्रंट येईल. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ असेल तर पंखांखाली पिवळे आणि कडेला लाल ठिपके असलेले जेझबेल उंचावर फिरताना दिसेल, कारण त्याच्या अळ्या बांडगुळाचीच पाने खातात. आंब्यावरच कॉमन बॅरनच्या अळ्या वाढतात. दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे असलेली ही हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी सरळ पडून राहते की सापडता सापडत नाही.

ही मोठी झाडे तुम्हाला लावायची नाहीत. ती आहेत तिथून फुलपाखरे तुमच्याकडे मधासाठी येतील. परिसरात जे नाही, ते अन्न तुमच्या बागेत द्या. परिसरात उडणाऱ्या पण अंडी घालायला जागा न मिळणाऱ्या जाती ओळखता आल्या तर पहिल्याच पावसाळ्यात यश मिळते.

जागा

फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. सकाळी पंख पसरून ऊन घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. म्हणून दिवसातून निदान ५ ते ६ तास ऊन हवे, त्यातही सकाळचे ऊन महत्त्वाचे. दुसरी गरज आडोशाची. वारा सतत लागणाऱ्या जागी फुलपाखरे फुलावर टिकत नाहीत आणि मादीला पानावर उतरता येत नाही. पश्चिमेकडे कुंपणाच्या कडेने लिंबू, कढीपत्ता, कोरांटी अशी झुडपे लावली की पावसाळी वारा अडतो आणि तीच अळ्यांचे अन्नही होतात. १० फूट बाय १० फूट जागा पुरते. गच्चीवर १० ते १२ कुंड्यांत सुरुवात करता येते, मात्र कठड्याला हिरवी जाळी बांधून वारा अडवा. जाळी कठड्याच्या उंचीपर्यंतच ठेवा, वर छत करू नका.

दोन-चार सपाट दगड उन्हात ठेवा. सकाळी त्यांवर पॅन्सी आणि टायगर जातीची फुलपाखरे अंग शेकत बसतात.

पहिली पाच खाद्यझाडे

सुरुवातीलाच वीस जातींची झाडे एकेक करून आणू नका. पाच झाडे निवडा आणि प्रत्येकाची निदान तीन रोपे लावा.

*लिंबू आणि कढीपत्ता.* एकाच झाडावर सर्वांत जास्त मिळवायचे असेल तर लिंबू लावा. काळ्या-पिवळ्या नक्षीचे लाइम बटरफ्लाय आणि काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉर्मन, ही दोन्ही लिंबावर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतात. बेलही त्यांना चालतो. निलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन. काळ्याभोर पंखांवर आकाशी पट्टा असलेल्या या फुलपाखराला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू घोषित करण्यात आले. कोकणात, घाटमाथ्यावर आणि दाट झाडीच्या भागात ते बागेत येते. त्याला लिंबू, पपनस आणि रानातले माकडलिंबू आवडते. जागा असेल तर एक पपनस नक्की लावा, कारण पाने मोठी असल्याने निलवंताच्या जाड अळीलाही ती पुरतात. लिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर लाइम ब्लू हे नखाएवढे निळे फुलपाखरूही वाढते. त्याच्या हिरव्या, चपट्या अळीभोवती मुंग्या फिरतात. अळी त्यांना गोड स्राव देते आणि मुंग्यांमुळे तिचे शत्रू दूर राहतात, म्हणून तिथल्या मुंग्या हाकलू नका.

*रुई.* बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, हे नारिंगी फुलपाखरू रुईवर वाढते. नवख्यासाठी यापेक्षा सोपी जात नाही, कारण ती वर्षातला बराच काळ दिसते, अळी ठळक असते आणि कोषही सापडतो. रुई ओसाड, मुरमाड जमिनीत वाढते आणि तिला खत लागत नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला. लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नका. कुंडीत लावायचे असेल तर नर्सरीत हळदीकुंकू नावाने मिळणारे, लाल-पिवळ्या फुलांचे दोन-तीन फुटी झुडूप घ्या. ते मूळचे अमेरिकेतले आहे, पण प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर दोघेही त्यावर अंडी घालतात आणि फुलांचा मधही पितात. त्याची शेंग फुटली की कापशी बी वाऱ्यावर दूर जाते. शेंगा वाळण्याआधी काढून टाका.

*पानफुटी.* जागा नसणाऱ्यांसाठी हे सर्वोत्तम झाड. यावर रेड पिएरो वाढते. काळे-पांढरे, मागच्या पंखावर नारिंगी डाग असलेले हे छोटे फुलपाखरू जमिनीलगत संथ उडते. त्याची अळी पानावर बसून खात नाही, ती पानाच्या आत शिरते आणि वरचा-खालचा पातळ पापुद्रा ठेवून मधला गर पोखरत जाते. पान पांढुरके, पारदर्शक झाले, आत काळी विष्ठा दिसली की झाड रोगट समजून लोक ते उपटून टाकतात. तसे करू नका. ८ ते १० इंची पसरट कुंडीत पानफुटीची पाने नुसती मातीवर ठेवली तरी कडेने रोपे फुटतात. अशा निदान ६ कुंड्या ठेवा, कारण एका कुंडीतली पाने एक पिढी संपवून टाकते.

*टाकळा.* पहिल्या पावसानंतर पडीक जागेत आपोआप उगवतो आणि बागेतले तण म्हणून आपण तो उपटतो. मॉटल्ड एमिग्रंट आणि कॉमन ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. कोपऱ्यात ३ फूट बाय ३ फूट जागा त्याला सोडून द्या. उगवत नसेल तर बी वाळूच्या कागदावर हलके घासून रात्रभर पाण्यात भिजवा आणि जूनमध्ये पेरा. बीचे कवच टणक असते, न घासलेले बी हंगामभर तसेच पडून राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाड वाळते, शेंगा फुटायच्या आत पुढच्या वर्षाचे बी काढून ठेवा.

*सापसंद.* हिला ईश्वरी असेही म्हणतात. लाल अंगाची, काळ्या पंखांची कॉमन रोज आणि क्रिमझन रोज ही फुलपाखरे याच कुळातल्या वेलींवर अंडी घालतात. वेल सावकाश वाढते, म्हणून पहिल्या वर्षी लावून दुसऱ्या वर्षी फुलपाखरांची अपेक्षा धरा. १२ इंची कुंडी आणि ५ ते ६ फुटांचा आधार लागतो. मुळाशी सावली आणि वर ऊन मिळेल अशी जागा द्या. औषधी म्हणून ही रानातून खूप उपटली जाते. रानातली वेल खणून आणू नका, औषधी वनस्पतींच्या नर्सरीतून रोप घ्या. वेल विषारी असून तिच्यातले द्रव्य माणसाच्या मूत्रपिंडाला अपाय करते, तेव्हा घरगुती औषध म्हणून तिचा वापर नको. सापसंद मिळत नाही म्हणून मोठ्या, नक्षीदार फुलांची परदेशी बदकवेल लावण्याचा मोह होतो, तो टाळा. ऑस्ट्रेलियातल्या बर्डविंग फुलपाखरांच्या माद्या त्या वेलीला भुलून अंडी घालतात आणि अळ्या तिच्यावर मरतात. हे माहीत असताना आपल्या बागेत तो धोका कशाला घ्यायचा?

जागा उरली तर

सीताफळ किंवा रामफळ लावले तर उभा अशोक नसतानाही टेल्ड जे येते. कण्हेरीवर आणि अनंतमुळावर कॉमन क्रो वाढते. त्याचा सोन्या-चांदीच्या पाण्याने मढवल्यासारखा चमकणारा कोष एकदा तरी बघावा असा असतो. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, एरंडाचे बीही तसेच. घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर ही दोन्ही टाळा. एरंडावर कॉमन कॅस्टर वाढते.

कोरांटीवर लेमन पॅन्सी आणि पीकॉक पॅन्सी येतात, कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर टॉनी कोस्टर. टॉनी कोस्टरची मादी अंडी पुंजक्याने घालते, त्यामुळे काटेरी, तांबूस अळ्यांचा थवा एका आठवड्यात वेल उघडी करतो. वेल मुळापासून पुन्हा फुटते, काळजी नको. चित्रकाच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू, आंबुशीवर पेल ग्रास ब्लू, बोरीवर कॉमन पिएरो वाढते. हळदीच्या पानाची सुरळी झालेली दिसली तर ती उलगडू नका, आत ग्रास डेमनची अळी असते.

घोळीला मात्र आवर्जून जागा द्या. तिच्यावर डॅनेड एगफ्लाय वाढते. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल असलेला असतो आणि मादी बिबळ्या कडव्याची हुबेहूब नक्कल करते. रुईच्या चिकातले विष अंगात साठवल्यामुळे बिबळ्या कडवा पक्ष्यांना कडू लागतो. त्याच्यासारखी दिसणारी ही मादीही त्यामुळे वाचते. रुई आणि घोळ शेजारी लावलीत तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच बागेत बघायला मिळतात.

गवताचा एक पट्टा न कापता ठेवा. संध्याकाळी सावलीत उडणारे ईव्हनिंग ब्राउन, बुशब्राउन आणि अनेक छोट्या स्किपर जाती गवतावरच वाढतात.

सायकस असेल तर एक सूचना. त्याच्या कोवळ्या पानांवर प्लेन्स क्युपिडच्या अळ्या येतात आणि नवी पाने कुरतडली जातात. झाड शोभेसाठी जपायचे असेल तर कोवळी पाने पातळ कापडाने झाका, फवारणी करू नका.

लावणी

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, म्हणजे पाऊस लागून जमीन ओली झाल्यावरचा काळ, सर्वांत चांगला. लिंबू आणि कढीपत्त्यासाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या आणि निघालेल्या मातीत एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरा. दोन लिंबांमध्ये फळबागेत जास्त अंतर लागते, पण इथे फळापेक्षा पाला हवा असल्याने ६ ते ८ फूट पुरते. कढीपत्ता ३ फुटांवर, कोरांटी २ फुटांवर. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग वाळू घ्या. लिंबाला १८ इंची, कढीपत्त्याला १४ इंची कुंडी हवी. पानफुटी आणि रुईच्या मिश्रणात वाळू दुप्पट करा, पाणी साचले तर दोन्ही कुजतात.

नर्सरीतून आणलेल्या रोपाबद्दल एक नियम काटेकोर पाळा. विक्रीच्या रोपांवर कीटकनाशक मारलेले असते, आणि काही औषधे झाडाच्या रसात उतरून कित्येक आठवडे टिकतात. असे पान खाल्लेली अळी थरथरते, हिरवे पाणी ओकते आणि मरते. म्हणून रोप आणल्यावर पाने दोन्ही बाजूंनी धुवा, शेंडे खुडून टाका आणि ६ ते ८ आठवडे रोप मच्छरदाणीच्या कापडाखाली वेगळे ठेवा. त्यानंतर आलेली नवी पाने सुरक्षित धरता येतात. बियांपासून किंवा ओळखीच्या बागेतल्या फांदीपासून केलेले रोप असेल तर हे करावे लागत नाही.

रोपांची संख्या ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कात टाकत टाकत अळी पाच टप्प्यांत वाढते आणि आयुष्यभराच्या खाण्यातला बहुतेक भाग शेवटच्या टप्प्यात, चार-सहा दिवसांत खाते. सुरुवातीला रोपावर दहा बारीक अळ्या असूनही पाने भरपूर वाटतात, आणि मग दोन दिवसांत नुसत्या काड्या उरतात. फूटभर उंचीच्या लिंबाच्या रोपावर एकाच अळीचा निभाव धरा. कमरेइतक्या, भरगच्च झाडावर आठ-दहा अळ्या आरामात वाढतात. म्हणूनच प्रत्येक प्रकारची निदान तीन रोपे, आणि त्यातले एक नेहमी जाळीखाली राखीव ठेवा. बाहेरची पाने संपली की जाळी काढा.

फुले, ओली वाळू आणि पिकलेली फळे

मधासाठी एकाच जातीची पाच-सहा रोपे एकत्र, पुंजक्याने लावा. विखुरलेल्या एकेका रोपापेक्षा रंगाचा मोठा डाग लांबून दिसतो. पेंटास, एक्झोरा, मुसांडा, झिनिया, कॉसमॉस, टिथोनिया आणि जट्रोफा ही भरवशाची. निलवंतासारख्या लांब सोंडेच्या मोठ्या फुलपाखरांना मुसांडा, एक्झोरा आणि भारंगीच्या कुळातली फुले आवडतात. छोट्या निळ्यांना दगडीपाला पुरेसा असतो. तण म्हणून तो काढू नका. पावसाळ्यात दिंडा फुलला की त्यावर क्रो आणि टायगर फुलपाखरांची गर्दी होते. झिनिया आणि झेंडू घेताना एकेरी पाकळ्यांचे वाण घ्या, कारण भरगच्च दुहेरी फुलांत सोंड मधापर्यंत पोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरे खूप येतात हे खरे, पण ती रान गिळणारी परदेशी वनस्पती आहे आणि पक्षी तिचे बी दूरवर नेतात. ती लावू नका.

खुळखुळ्याची दोन झाडे कोपऱ्यात असू द्या. टायगर आणि क्रोचे नर त्याच्या सुकलेल्या शेंगा, फांद्या आणि कुरतडलेल्या पानांतून एक रसायन शोषून घेतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यांना त्यापासून बनवायचा असतो. खुळखुळा सुकल्यावर लगेच काढू नका, या फुलपाखरांना तो सुकलेलाच जास्त हवा असतो.

ओल्या मातीवर बसून क्षार शोषणे हा नरांचा दुसरा नाद. फूटभर रुंद, उथळ परळात वाळू आणि माती निम्मी निम्मी भरा, चिमूटभर मीठ आणि मूठभर शेणखत मिसळा आणि वाळू ओली राहील इतकेच पाणी घाला. वर पाणी साचले तर फुलपाखरे बसत नाहीत, डास मात्र होतात. पिकून गळलेले केळे, पेरू किंवा चिकू एका ताटलीत सावलीत ठेवा. बॅरन, ईव्हनिंग ब्राउन यांसारख्या जाती फुलांपेक्षा फळांवर जास्त येतात. ताटलीखाली पाण्याचा परळ ठेवला की मुंग्या चढत नाहीत, पण ते पाणी रोज बदला.

अंडे, अळी, कोष

मादी एखाद्या झाडाभोवती घिरट्या घालत पानापानाला टेकत असेल तर ती गेल्यावर तिथे बघा. लाइम आणि बहुरूपीचे अंडे मोहरीहून लहान, गोल, फिकट पिवळे आणि एकेकटे, बहुतेक कोवळ्या पानावर असते. बिबळ्या कडव्याचे अंडे पांढरे, उभ्या रेघांचे, घुमटाकार. एमिग्रंटचे तर्कूसारखे निमुळते, उभे. उबदार दमट हवेत अंडे ३ ते ५ दिवसांत फुटते, अळी दोन ते तीन आठवडे खाते आणि कोषातून ८ ते १२ दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. थंडीत यापेक्षा वेळ लागतो.

लिंबावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि मोठी झाली की हिरवी होते. तिला बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी-तांबूस, दुभागलेली ग्रंथी बाहेर काढते आणि उग्र वास येतो. तो माणसाला बाधत नाही. बिबळ्या कडव्याच्या अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि मऊ काळ्या तंतूंच्या ३ जोड्या असतात. कॉमन क्रोच्या अळीवर ४ जोड्या.

पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडून झाडावरून उतरते आणि भिंत, कुंडीची कड, सुकी काडी शोधत फिरते. अळी नाहीशी झाली म्हणजे पक्ष्याने खाल्ली असेच नाही. आधी पाच-सहा फुटांच्या परिघात कोष शोधा. या काळात कोपरे झाडू नका, कुंड्या हलवू नका. कोष निखळून पडला असेल तर टोकाच्या रेशमाला दोरा बांधून तो टांगा, खाली निदान ४ इंच मोकळी जागा राहू द्या. बाहेर आलेल्या फुलपाखराला लोंबकळून पंख पसरायला आणि वाळवायला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात ते पडले तर पंख वाकडे राहतात आणि नंतर दुरुस्त होत नाहीत.

काय बिघडते

पहिले आणि सर्वांत जास्त नुकसान फवारणीने होते. नीमतेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून बरेच जण ते मारतात, पण अळीची वाढ त्याने थांबते. बीटी नावाचे जैविक औषध तर अळ्या मारण्यासाठीच बनवलेले आहे. बागेत दोन्ही नकोत. रुईवर आणि हळदीकुंकवावर पिवळा मावा हमखास येतो. अळ्या बाजूला करून तो पाण्याच्या जोरदार धारेने किंवा ओल्या बोटाने पुसून काढा, शेंडा पूर्ण भरला असेल तर तेवढा खुडा. सोसायटीत डासांचा धूर होणार असेल तर वेळ आधी विचारून घ्या आणि कुंड्या त्या संध्याकाळी आत घ्या.

पाने संपल्यावर बाजारातला कढीपत्ता किंवा लिंबाचा पाला आणून घालतात आणि अळ्या रातोरात मरतात. त्या पाल्यावर फवारणी झालेली असते. दुसरी अडचण अशी की लिंबावर वाढलेली मोठी अळी बेलावर किंवा कढीपत्त्यावर ठेवली तर बहुतेक वेळा खात नाही. तेच झाड दुसरीकडून, न फवारलेले, मिळवावे लागते. हलवताना अळीला चिमटीत धरू नका, ती बसलेल्या पानासकट कापून नव्या फांदीवर टेकवा. कात टाकण्याआधी अळी एक दिवस निश्चल बसते, तेव्हा तर हातही लावू नका.

अळी मऊ पडून काळपट झाली आणि उलटी लोंबकळू लागली तर तो संसर्ग असतो, आणि दाटी व ओली विष्ठा यांमुळे तो पसरतो. तशी अळी पानासकट काढून पुरून टाका, हात धुवा आणि त्या रोपावरच्या बाकीच्या अळ्या विरळ करा. कोषाला बारीक गोल भोक दिसले तर आतून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे. कोष उमलण्याआधी एक दिवस काळसर, पारदर्शक होतो आणि आतले पंख दिसतात. ते बिघडण्याचे लक्षण नाही.

बुलबुल, सरडे, कोळी आणि खंडोबाचा किडा अळ्या खातातच. बहुतेक अंडी फुलपाखरू होण्याआधीच संपतात, मादी इतकी अंडी घालते ती याच हिशोबाने. सगळ्या अळ्या घरात आणून बरणीत वाढवण्याने रोगच जास्त होतात. मुलांना दाखवायला एखादी अळी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची असेल तर तिचे पान रोज ताजे द्या, विष्ठा रोज काढा आणि फुलपाखरू निघाल्यावर त्याच बागेत सोडा. रानातून फुलपाखरे किंवा कोष आणू नका. काही जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे.

वर्षभराचे काम

जून-जुलै लावणीचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर फुलपाखरांचा मुख्य हंगाम, या काळात छाटणी नाही, फक्त तण हाताने आणि निवडून काढा. टाकळा, घोळ, आंबुशी, दगडीपाला ही चार ‘तणे’ ओळखता येणाऱ्या माणसालाच हे काम सांगा. डिसेंबरमध्ये वाळलेली पाने झाडाखालीच राहू द्या, त्यांत कोष अडकलेले असतात.

जानेवारीच्या शेवटी लिंबू आणि कढीपत्त्याच्या निम्म्याच फांद्या एक तृतीयांश छाटा, उरलेल्या तीन आठवड्यांनी. छाटण्याआधी प्रत्येक फांदी उलटसुलट बघून अंडी आणि कोष असलेल्या फांद्या वगळा. छाटल्यावर तांबूस-पोपटी कोवळी फूट येते आणि मादीला अंडे घालायला नेमकी तीच हवी असते. अशी आलटून पालटून छाटणी केली की बागेत कुठे ना कुठे कोवळे पान मिळत राहते. रुईलाही हाच नियम, फक्त ती गुडघ्याएवढी उंच ठेवून कापा. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर मुळाशी पाणी द्या आणि कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवा. वाळूचा परळ या दोन महिन्यांत दिवसातून दोनदा ओला करावा लागतो. मेच्या शेवटी जुने कुजलेले खत झाडांना द्या आणि राखून ठेवलेले टाकळ्याचे बी घासायला काढा.